दारावरचं इरकल

भामाबाई शिरूरच्या नव्या बंगल्यात आली ती वास्तुशांतीलाच, पण तिची पेटी राहू गावच्या जुन्या घरी माळ्यावरच राहिली. सूनबाईनं तेव्हाच सांगून टाकलं होतं, “आई, ती गंजकी पेटी नको. फरशीवर डाग पडतील.” भामाबाईनं वाद घातला नाही. वाद घालायला घर आपलं वाटावं लागतं, आणि ह्या घरात तिला पाणी प्यायचं तरी ग्लास कुठला घ्यायचा ते विचारावं लागत होतं.

मग दोन हजार चारच्या दिवाळीनंतर तिच्या लेकाच्या, नवनाथच्या साहेबानं पुण्यात फ्लॅट घेतला आणि मंडळींना जेवायला बोलावलं. नवनाथ रांजणगावला एका कंपनीत सुपरवायझर. त्याची बायको माया दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली, बोलणं स्वच्छ, नजर तिखट. साहेबाच्या घरी काय जेवली ते तिला आठवेना, पण खिडक्यांना जुन्या लुगड्यांचे पडदे, उशांना खणाचे अभ्रे आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत कुणाच्या तरी आजीची चोळी, एवढं तिनं डोळ्यांत भरून आणलं.

“ह्याला व्हिंटेज म्हणतात,” घरी आल्या आल्या तिनं जाहीर केलं. “आपण जे बोहारणीला देऊन पातेली घेतो ना, ते तिथं भिंतीवर लावतात. आई, तुमच्या पेटीत असेल की असलं.”

“असंल की,” भामाबाई म्हणाली.

पुढच्याच रविवारी पेटी टेंपोतून आली. फरशीवर डाग पडेल ह्याची आठवण कुणाला झाली नाही. गरज पडली की गंजसुद्धा शोभेचा होतो, त्यातली ही गत.

पेटी हॉलमध्ये उघडली. वाळक्या कडुलिंबाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास पंख्यापर्यंत गेला. वर इरकली लुगडी होती, भामाबाईचा लग्नातला विटका शालू होता, आणि त्याखाली खण. लाल, हिरवे, अंजिरी, मोरपंखी, चौकोनी घड्या घातलेले, एकावर एक ढीगभर. मायानं तर तोंडावर हातच ठेवला.

“एवढे खण? आणि एकही शिवला नाही?”

भामाबाई हसली. ओटीत आलेला खण बाई कुठं लगेच शिवते? तो ठेवायचा, उद्या दुसरीच्या ओटीत घालायचा. तिनं तो तिसरीला द्यावा. बायकांचा हा फिरता व्यवहार, त्यात एखादा खण वर्षादोन वर्षांनी आपल्याच ओटीत परतही यायचा. भामाबाईचा नवरा गेला त्या दिवशी जेवढे खण तिच्यापाशी होते, तेवढे पेटीत अडकले. आता तिनं कुणाच्या ओटीत घालायचे नव्हते आणि तिच्या ओटीत कुणी घालणार नव्हतं. नवऱ्याबरोबर माणसाचं काय काय जातं, ते पेटी उघडल्याशिवाय कळत नाही.

अगदी तळाशी एका पांढऱ्या धोतरात बांधलेलं गाठोडं होतं. मायानं त्याला हात घातला तशी भामाबाईनं झटकन ते आपल्या मांडीवर ओढलं.

“ते ऱ्हाऊ दे. ते माझ्या भावानं आणल्यालं हाय.”

“माहेरचं? बघू तरी.”

“नगं. ते ऱ्हाऊ दे.”

भावानं आणलेलं होतं हे खरंच होतं. कधी आणलेलं ते मात्र ती बोलली नाही. नव्या घरात, संक्रांतीच्या तोंडावर, ‘दुखवटा’ हा शब्द कोणत्या तोंडानं उच्चारायचा? तिनं गाठोडं आपल्या खोलीत नेऊन खाटेखाली सरकवलं. बायका वाईट शब्द गिळतात, आणि मग तो शब्द त्यांच्याच पोटात सडतो.

कापडांना कात्री लावायचं काम खुर्शिदकडे गेलं. दोन घरं सोडून राहायची, पडदे-अभ्रे, ड्रेस, सगळं शिवायची. तीही विधवाच. नवरा गेल्यावर शिलाई मशीनवर दोन पोरं वाढवलेली. माया तिला नुसतं सांगून जायची, ह्याचे अभ्रे, त्याचे लोड, उरेल त्याचे छोटे बटवे, वाण म्हणून लुटायला. पण खुर्शिद प्रत्येक कापड उचललं की आधी भामाबाईकडे बघायची.

“मावशी, ह्यो कुणाचा?”

“ह्यो माझ्या थोरल्या जावंनं घातल्याला. नवनाथच्या बारशाला.”

“आन् ह्यो अंजिरी?”

“ह्यो भांडगावच्या जत्रंतला. माझ्या आईनं शेवटची ओटी भरली तवाचा. कापायचा का गं त्यो?”

“तुमी म्हणाल तर न्हाई कापत.”

भामाबाई विचार करायची आणि म्हणायची, “काप. पेटीत पडून तरी काय करतोय.” पण विचारलं ह्याचंच तिला बरं वाटायचं. ह्या घरात तिला इतक्या गोष्टी कुणी विचारल्या नव्हत्या.

आणि तिनं एवढं मन मोठं का केलं, त्यालाही कारण होतं. मायानं तिला शब्द दिला होता.

“आई, हळदीकुंकवाला सगळ्या कॉलनीतल्या बायका येतील. साहेबांच्या मिसेसपण येणार आहेत. तुम्ही हॉलमध्ये मधोमध बसा आणि एकेक कापड दाखवून सांगा, कुठलं, कुणी दिलेलं. गोष्ट असली की कापडाला वजन येतं.”

भामाबाईला आधी ऐकू आलं तेच खरं वाटेना. “मी? हळदीकुंकवाला? हॉलमदी?”

“त्यात काय? ते सगळं आता जुनं झालं, आई.”

भामाबाईचा नवरा एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली गेला. तेव्हापासून हळदीकुंकू म्हटलं की तिची जागा स्वयंपाकघरात. तिळगूळ तिनं वळायचा, डिशी तिनं भरायच्या, हॉलमधलं हसणं भिंतीपलीकडून ऐकायचं. कुणी मारलं नाही, कुणी हाकललं नाही. नुसतं सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि तीही धरून बसली. आता सून म्हणत होती की ते जुनं झालं. बाईनं लगेच विश्वास ठेवला. तहानलेला माणूस ओंजळ पुढं करतो, पाणी कुठलं ते बघत नाही.

त्या दिवसापासून तिची तयारी सुरू झाली. राखाडी रंगाची एक साडी तिनं इस्त्रीला दिली. खुर्शिदच्या मशीनशेजारी बसून ती गोष्टी घोकायची, आधी कुठली सांगायची, मग कुठली. थोरल्या जावेचं नाव घेताना रडू येत होतं, म्हणून ती गोष्ट शेवटी ठेवली. खुर्शिद पाय हलवत हसायची.

“मावशी, भाषण द्यायला निघालाय जनू.”

“दिऊ की. येवढ्या वर्सांचं तुंबलंय.”

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी पाटसहून गिताबाई आली. गिताबाई म्हणजे भामाबाईची नणंद, नवनाथची आत्या. नवरा साहेबराव साखर कारखान्यातून रिटायर झालेला, धडधाकट. गिताबाईचं कुंकू रुपयाएवढं आणि बोलणं त्याहून मोठं. भावाच्या घरात ती पाहुणी म्हणून कधी आलीच नाही, तपासणीला आल्यासारखी यायची. हॉलभर फिरून तिनं उशा दाबून पाहिल्या, लोडांवर बसून पाहिलं, “झ्याक केलंय गं पोरी,” म्हणाली. ही उशी आईंच्या ओटीतल्या खणाची, असं माया सांगायला लागली तेव्हा ती दुसऱ्याच उशीकडे वळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामाबाई देवळात गेली. परत आली तर बंगल्याच्या दारासमोर तिचे पाय थांबले.

पुढच्या दाराला नवा पडदा लागला होता. गर्द जांभळं इरकल, बारीक पिवळा काठ, आणि एका अंगाला लाल-पांढरा टोपपदर सोडलेला. वर आंब्याच्या पानांचं तोरण. वारा आला की पदर हलायचा.

खुर्शिद स्टुलावरून उतरत होती. “मावशी, मायावहिनीनं खाटंखालचं गाठोडं सोडून दिलं. म्हनल्या, तुमच्या म्हायेरचं हाय, दाराला तेच पायजे. तरी म्या कात्री न्हाई लावली. नुसती वर पट्टी टाचलीय. उसवली की पुना लुगडं.”

भामाबाईनं काठ ओळखला. तिच्या डोळ्यांपुढं राहूच्या घराची पडवी आली. नवऱ्याचा दहावा. घाटावरून माणसं परत आलेली. तिचा भाऊ हरिबा भांडगावहून आला तो हातात हे इरकल घेऊन. बाकीच्यांनी फिकी, पांढरट पातळं आणली होती. हरिबा एकटाच म्हणाला, “माझ्या बहिणीला म्या पांढरं नेसल्यालं बघणार न्हाई.” तेव्हा गिताबाईनंच ते त्याच्या हातातून घेतलं, काठ दोन बोटांत चोळून पाहिला आणि चारचौघींत म्हणाली, “पोत चांगलाय. पर येवढं भारी कशाला आणायचं? आता कुठं मिरवायचंय तिला?” आणि मग भामाबाईच्या खांद्यावर टाकलं. भामाबाईनं ते त्या दिवशी नेसलं, संध्याकाळी सोडलं आणि नवऱ्याच्या धोतरात बांधून ठेवलं. हरिबा बिचारा जाईपर्यंत विचारत राहिला, नेसतीस का गं ते? ती व्हय म्हणायची.

ते लुगडं आता सणाच्या दिवशी तोरणाखाली लटकत होतं.

काढायला पाहिजे होतं. तिथल्या तिथं. ती हाक मारणार, “माया...” तोच आतून माया आणि तिच्यामागं गिताबाई बाहेर आल्या. मायाची नजर जमिनीवर होती.

“आई, एक बोलायचं होतं. म्हणजे... तुम्ही संध्याकाळी आतच बसा ना. कापडांचं मी सांगते सगळं. मला पाठ झालंय.”

“का गं?”

उत्तर गिताबाईनं दिलं. “का म्हंजी? वहिनी, तुमी काय आजच्या हाय का? पाच सवाष्णींत मधी बसून तुमी काय बोलनार? पोरगी न्हानी हाय, तिला कळत न्हाई. तुमाला तर कळतंय. लोक नावं ठिवत्याल.”

भामाबाईनं पडद्याच्या बाजूनं आत मुलाकडे पाहिलं. नवनाथ सोफ्यावर पेपर वाचत होता. पेपर हलला नाही.

“नवनाथ?”

“एका दिवसाचं तर हाय, आई,” पेपराआडून आवाज आला.

एका दिवसाचं! लेकाचं पोट तिनं दुसऱ्याच्या कांद्याच्या वावरात वाकून भरलं, त्याला तेव्हा दिवस मोजता येत नव्हते, आता येत होते. ‘जुनं झालं’ म्हणे. जुनं झालं ते फक्त कापड, आणि जुनं झालं म्हणून त्याचीच किंमत वाढली. बाई जुनी झाली की तिला आत बसवायचं.

तिनं पडद्याकडे पाहिलं, मग गिताबाईच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडे.

“तुम्ही काय म्हणत होता, आई?” मायानं विचारलं. “दारात हाक मारलीत ना?”

“काय न्हाई,” भामाबाई म्हणाली. “पडदा झ्याक दिसतोय.”

आता तिच्या मनात एकच होतं. संध्याकाळी गिताबाई त्या दारात उभी राहील, ते इरकल हातात घेईल, आणि तिला आठवेल. चारचौघींत तिचा चेहरा उतरेल. तो चेहरा स्वयंपाकघराच्या दारातून बघायचा. एवढ्या वर्षांच्या तिळगुळाचं हे वाण भामाबाईनं स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलं.

दुपार टळली तशा बायका यायला लागल्या. अत्तर, गजरे, नव्या साड्यांची सळसळ. एकेक जण त्या पदराखालून डोकं वाकवून आत येत होती. भामाबाई ओट्याशी उभी राहून डिशीत तिळगूळ भरत होती आणि ऐकत होती. माया सांगत होती, हा खण बारशाचा, हा जत्रेतला. गोष्टी बरोबर होत्या, पण तोंड दुसऱ्याचं होतं. थोरल्या जावेचं नाव मायानं चुकीचं सांगितलं. कुणाला काय त्याचं! साहेबांच्या मिसेस म्हणाल्या, “हाउ स्वीट!” आणि मग विचारलं, “आणि हा दाराचा पडदा?”

“हे आमच्या आईंना त्यांच्या भावानं आणलेलं. माहेरची आठवण. इतकी वर्षं जिवापाड जपून ठेवलं होतं त्यांनी.”

“किती भाग्यवान असतात जुन्या बायका,” कुणीतरी म्हणालं.

भामाबाईला हसू फुटलं. तिनं तोंडाला पदर लावला. खोबऱ्याच्या किसात तिचं एक टिपूस पडलं, तो किस तिनं तसाच लाडवांवर भुरभुरला.

वाण वाटून झालं. तिच्याच ओटीतल्या खणांचे बटवे सवाष्णींच्या ओटीत पडले. बायका पांगल्या. आणि मग गिताबाई उठली, दाराशी गेली. भामाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली.

गिताबाईनं काठ हातात घेतला. दोन बोटांत चोळला. अगदी तस्साच.

“पोत चांगलाय,” ती म्हणाली. “येवढं भारी आता मिळत न्हाई.”

भामाबाई वाट बघत राहिली. गिताबाईनं पदर उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. चेहरा उतरला नाही. उलट खुलला.

“माया, मला दे की गं हे. तुला पडदे रग्गड मिळत्याल. पाटसला परवा कारखान्याच्या सायबाकडं हळदीकुंकू हाय, नेसून जाते. सगळ्या बघत ऱ्हात्याल.”

तिला काहीच आठवत नव्हतं. भामाबाईच्या जन्माला जे वाक्य चिकटून बसलं होतं, ते बोलणारीला त्याच संध्याकाळी विसरायला झालं असणार. तिच्या लेखी तेव्हा एक कापड होतं, आत्ताही एक कापड होतं. मधल्या बाईकडे तिनं तेव्हाही पाहिलं नव्हतं.

“आईंचं आहे, आत्या. आईंना विचारा,” माया म्हणाली.

भामाबाईचा राग एकाएकी कुठं गेला कोण जाणे. आता तिला भीतीच वाटली. दारावर लटकणं वेगळं आणि सवाष्णीनं अंगाला लावणं वेगळं. घरी धडधाकट नवरा असलेल्या बाईनं दहाव्याचं लुगडं नेसायचं? वैऱ्याच्या बाबतीतही असलं मनात आणू नये. साहेबराव काय तिचे वैरी नव्हते. नवरा गेला तेव्हा रात्रभर ओसरीवर तेच बसून राहिले होते. सांगून टाकायचं. काय बोलायचं ते बोलू देत. तिनं ओले हात पदराला पुसले आणि उंबरा ओलांडून हॉलमध्ये पाय टाकला. पडद्याकडे हात पुढं केला.

“वन्सं, ते नगा नेऊ. ते...”

गिताबाई चटकन मागं सरली. तिनं लुगडं स्वतःकडे ओढून घेतलं.

“आवो वहिनी, तुमी नका हात लावू! सणाचा दिस हाय. मला घरी धनी हायेत. माया देईल की.”

भामाबाईचा हात तसाच हवेत राहिला. मायानं इकडे तिकडे पाहिलं. नवनाथ टीव्हीचा आवाज कमी-जास्त करत होता.

भामाबाईनं हात खाली घेतला. ओठावर आलेला शब्द तिनं पुन्हा एकदा गिळला.

“व्हय की,” ती म्हणाली. “चुकलंच माझं. माया, तू दे. कुंकू लावून दे. वन्संनाच शोभंल ते.”

मायानं वरची पट्टी उसवली. लुगड्याच्या काठाला हळदीकुंकू लावलं, वर नारळ ठेवला. गिताबाईनं ते खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. लाल-पांढरा पदर तिच्या गालाला लागला होता. ती खूश होती. दिवस बुडता बुडता नवनाथनं तिला चौफुल्यापर्यंत सोडलं, तिथून पाटसची गाडी.

हॉलमध्ये कुंकू सांडलेलं होतं, ते माया केरसुणीनं गोळा करत होती. ती मधेच थांबली.

“आई, भावाची आठवण होती तुमची. मनापासून दिलंत ना?”

“आजवर कुणाला काय येवढं मनापासून दिल्यालं न्हाई,” भामाबाई म्हणाली.

तिला वाटलं होतं, आता बरं वाटेल. बरं वाटलं नाही. रात्री वाढायच्या वेळी हॉलमधला फोन वाजला आणि तिच्या हातातली पळी खाली पडली. नवनाथनं उचलला. आत्या पोचली होती, तेवढंच.

“साहेबराव बरं हायेत ना?” भामाबाईनं विचारलं.

“त्यांना काय झालंय? बरेच असतील,” नवनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खुर्शिद राहिलेले दोन अभ्रे घेऊन आली. उघड्या दाराकडे बघून म्हणाली, “मावशी, लुगडं कुठं गेलं?”

“पाटसला. जिनं माझ्या खांद्यावर टाकलं हुतं, तिच्याच घरी.” खुर्शिदला त्यातलं काही कळलं नाही, आणि भामाबाईनं सांगितलं नाही.

पुढं फोन वाजला की भामाबाई आधी देवाच्या फोटोकडे बघायची आणि मग नवनाथच्या तोंडाकडे. एखादा फोन आपण आत असताना येईल आणि आपल्याला कळणार नाही, ह्या धास्तीनं तिनं स्वयंपाकघरातलं बसणं सोडलं. सकाळी आवरलं की ती हॉलमध्ये यायची, आईच्या अंजिरी खणाची उशी पाठीशी घ्यायची आणि फोनशेजारी बसून राहायची. बायका यायच्या, जायच्या. तिला आता कुणी आत बसा म्हणत नव्हतं.